पहिली पोळी

ट्रॉली पुलाच्या कठड्याला खर्रकन घासली, तेव्हा सरस्वतीबाईनं एका हातानं बाजूचा फाळका धरला आणि दुसऱ्या हातानं सुनेचं पोट. करिष्माला सातवा महिना होता. पुढं ट्रॅक्टरवर सरस्वतीबाईचा नवरा शहादेव मोठ्यानं गाणं म्हणत होता.

"अवं, जरा दमानं!" सरस्वतीबाई ओरडली. त्यानं मागं न बघता हात हलवला आणि गाणं पुढं चालू ठेवलं.

पोळ्याचा दिवस. घरचे बैल गेल्या साली विकले, म्हणून तिघं सरस्वतीबाईच्या भावाकडं, चौसाळ्याला, पोळा करायला गेली होती. ट्रॅक्टरच्या नाकावर बैलाचं बाशिंग बांधलं होतं आणि खाली घुंगरमाळ लोंबत होती. शहादेवनं दुपारीच मेव्हण्याबरोबर बाटली फोडली. सणाला, बाजाराला तो घ्यायचाच. सरस्वतीबाईनं कधी अडवलं नाही. पूर्वी बाजारातून परत येताना तो बैलगाडीत आडवा व्हायचा आणि सर्जा बैल कुणी न हाकता गाडी दारात आणून उभी करायचा. तव्यावरची पहिली पोळी म्हणून सर्जाची.

आजही सवयीनं तिनं ती बाजूला काढून फडक्यात बांधली होती. भावाच्या बैलांना चारायला गेली, तर ते सगळ्या आळीचं खाऊन बसलेले. त्यांनी तोंड फिरवलं. पोळी पिशवीत तशीच परत निघाली.

मांजरसुंबा दिसायला लागलं. त्याच्या पुढं घाट. सरस्वतीबाईनं फाळका आणखी घट्ट धरला.

चौकात पोलिसांनी सणाची नाकाबंदी लावली होती. एका पोलीसबाईनं हात वर केला. ट्रॅक्टर दोन हिसके देऊन थांबला. सरस्वतीबाईनं हात सोडवला, तर बोटं सरळ होईनात.

"काका, खाली उतरा. ह्यात फुंका."

"कावून? म्या काय केलं?"

"फुंका तर खरं."

शहादेवनं गाल फुगवले, वारा काही सोडला नाही.

"गाल नका फुगवू, काका. चूल फुंकता तसं फुंका."

यंत्र वाजलं.

"किती घेतली?"

"घेतली न्हाई ओ म्याडम. पुरणपोळी खाल्ली. हिनं जायफळ लई घातलंय, त्यानं वाजतंय ते."

बाजूचे दोघं हवालदार हसायला लागले. पोलीसबाई हसली नाही. शहादेव बायकोकडं वळला.

"सांग गं ह्यांना. पोळीच खाल्ली म्हणून सांग."

सगळे सरस्वतीबाईकडं बघायला लागले. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. करिष्मा डोळे मिटून बसली होती, ओठ पांढरे पडले होते.

"जायफळ चिमूटभर घातलंय, बाई," सरस्वतीबाई म्हणाली. "माझ्या पुरणाला नाव ठेवू देणार न्हाई मी. ह्यांनी दुपारपसनं घेतली हाय. आत्ता पुलाला ट्रॉली घासली. पोर पोटुशी हाय. ह्यांना घाटात जाऊ देऊ नगा."

शहादेव ताडकन बोलला, "जन्मभर पितोय सणाला, बाजाराला! एकदा तरी गाडी पलटी झाली का? इचारा हिला!"

"कोण चालवायचं गाडी?" पोलीसबाईनं विचारलं.

"बैलगाडी ओ. सर्जा आणायचा की थेट दारात..."

पोलीसबाईनं ट्रॅक्टरच्या नाकावर हात ठेवला. "ह्याला ठाऊक आहे का तुमचं घर?"

शहादेवनं बाशिंगाकडं बघितलं. ते हिसक्यानं एका अंगाला कललं होतं. त्यानं ते सरळ केलं, घुंगरमाळ सोडून खांद्यावर टाकली आणि किल्ली पोलीसबाईच्या हातात दिली.

गुन्हा दाखल झाला. कोर्टात जावं लागेल, तोवर ट्रॅक्टर ठाण्यात, असं पोलीसबाईनं समजावून सांगितलं. शहादेव मान हलवत राहिला. मग तिनं बीडकडं जाणारी एसटी अडवली. "पोटुशी आहे, बसायला जागा द्या. घाटाखाली ह्यांच्या गावच्या फाट्यावर बस पुरती थांबू द्या, मगच उतरवा," असं कंडक्टरला बजावलं आणि करिष्माला हात धरून वर चढवलं.

शहादेव चढला. सरस्वतीबाई मात्र पायरीवरून माघारी आली आणि पिशवीतून फडकं काढलं.

"धर पोरी."

"नको मावशी, ड्यूटीवर आहे."

"सकाळधरनं उभी असशील. सर्जाची हाय ही."

"सर्जा कोण?"

"आमचा बैल."

आता पोलीसबाई हसली. "बैलाची पोळी मला? बैल केलं का मावशी मला?"

"जो धन्याला घरी आणतो, पहिली पोळी त्याची," सरस्वतीबाई म्हणाली. "आमच्या घरची रीत हाय. नगं म्हणू नगंस."

तिनं फडक्यासकट पोळी पोलीसबाईच्या हातात ठेवली आणि सर्जाला चारल्यावर लावायची तसा आपला हात क्षणभर कपाळाला लावला. कंडक्टरनं घंटी मारली, तशी ती वर चढली.

एसटी घाटाकडं वळली. शहादेव मांडीवर घुंगरमाळ घेऊन खिडकीतून मागं बघत होता. सरस्वतीबाईही वाकून बघायला लागली.

पोलीसबाईनं पोळीची सुरळी करून दातात धरली होती, आणि दोन्ही हात वर करून, बाशिंग बांधलेला दुसरा ट्रॅक्टर थांबवत होती.