खालचा खण

"ओठ बधिर झाला का, काका?" सुई बाजूला ठेवत तिने विचारलं.

"तो तर महिनाभर बधिरच आहे," खुर्चीत आडवे पडलेले काका म्हणाले. "तुझ्या सुईच्या आधीच काम झालंय, चिमे."

मदतनीस बाई हसल्या. चिमीला हसू आलं नाही. महिनाभर? आत पू साठून शिरेवर दाब येत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मागे गालाला सूज आली तेव्हा तिनेच गोळ्या दिल्या होत्या आणि सूज उतरलीही होती. दातांची डॉक्टर झाली तरी घरच्या माणसाच्या बाबतीत ती सोयीचं तेच धरून बसली होती.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. बोलायची हौस दांडगी, आणि सुईचा अंमल चढेपर्यंत वेळ होताच. दाढ काढायची, त्याच खड्ड्यात लगेच स्क्रू बसवायचा आणि पुढे त्यावर नवी दाढ चढवायची, हे त्यांना भलतंच पटलं होतं. जागा रिकामी राहिली की तिथलं हाड झिजत जातं, असं चिमीनेच त्यांना समजावलं होतं. स्क्रू बघायचाच, म्हणून त्यांनी इतका हट्ट धरला की बाईंनी त्याचं सीलबंद पाकीट दाढ काढायच्या आधीच फोडलं. खरं तर तसं करत नाहीत. एकदा फोडलेला स्क्रू त्याच वेळी बसवायचा, नाहीतर टाकून द्यायचा. काकांनी मान वाकडी करून तो लांबूनच न्याहाळला.

"आटे सुरेख पाडलेत," ते म्हणाले. "आणि तुमची पद्धत माझ्यासारखीच. मी गिऱ्हाइकाला समोर उभं करतो आणि आजच्या आज घड्याळ हातात देतो. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणायची वेळ क्वचित येते."

"कधी येते?" बाईंनी विचारलं.

"घड्याळ कामातून गेलेलं असलं की. आता तोंडावर कसं सांगायचं हो? कोणाच्या वडिलांचं असतं, कोणाला लग्नात मिळालेलं असतं. मी आपलं 'ठेवून जा, बघतो' म्हणतो आणि आमची ही ते खालच्या खणात टाकते. तिला खूण लागत नाही. माझे शब्द ऐकले की तिचा हात खाली गेलाच. बाहेर बसलीय, विचारा हवं तर."

"पुरे आता. आ करा," चिमी म्हणाली.

दाढ खालची होती, शेवटून दुसरी. अशी दाढ घाम काढते, म्हणून तिने पाय नीट रोवले होते. पक्कड लावली, जराशी हलवली आणि दाढ पक्कडीबरोबर बाहेर आली. इतक्या सहज ती यायला नको होती.

"झालं?" काका तोंड उघडं ठेवूनच म्हणाले. "हात हलका आहे पोरीचा."

तिने खड्डा पुसला आणि बारीक सळई आत घातली. सळई हाडाला टेकली की हाताला टक् असं कळतं. इथे काहीच कळलं नाही. सळई मऊ मांसात रुतत गेली. तिने ती बाजूला वळवली, तिथेही तेच. नुसता स्पर्श झाला तरी रक्त येत होतं. स्क्रू ज्यात धरायचा ते हाडच जागेवर नव्हतं. गाठीने हाड खाल्लेल्या तोंडांचे फोटो तिने कॉलेजात पाहिले होते, परीक्षेत त्या गाठींची नावंही बरोबर लिहिली होती. ती तोंडं कोणाच्या तरी काकांची असतील, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

बाईंनी स्क्रूचा ट्रे पुढे केला. तिने मान हलवली.

"छोटी बाटली द्या. तपासणीची."

बाई थबकल्या आणि मग बाटली घेऊन आल्या. चिमीने आतला मांसाचा तुकडा काढून बाटलीत टाकला आणि झाकण घट्ट फिरवलं. काकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. डोळ्याला भिंग लावून जन्म काढलेला माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

तिने जखमेवर कापसाची घडी ठेवली. "दाबून धरा. आज नको बसवायला, काका."

"तू तर लगेच म्हणाली होतीस."

"जागा जरा खराब आहे. हे तपासायला पाठवते आणि मग ठरवू."

"आणि माझा स्क्रू?"

बाईंनी ट्रेकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"ठेवते ना," चिमी म्हणाली. "तुमच्याच नावाने. बघू."

तिने मास्क काढला नाही. काढला असता तर तिला रडू आवरलं नसतं. काका उठून बसले आणि तिच्या हातमोज्यावर दोनदा थोपटल्यासारखं केलं.

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

दार लोटून काकू आत डोकावली. हातात काकांचा चष्मा होता, पदराने पुसून लख्ख केलेला.

"बसला का स्क्रू?" तिने चष्मा त्यांच्यापुढे धरत विचारलं. "का अजून वेळ आहे?"

काकांनी कापूस जिभेने गालाकडे सारला.

"नाही बसला," ते म्हणाले. "चिमी म्हणतेय, ठेवून जा, बघते."

काकू सवयीने हसली. मग तिने चिमीकडे पाहिलं, ट्रेमधल्या स्क्रूकडे पाहिलं, आणि चष्मा धरलेला तिचा हात आपसूक खाली गेला.