उगाच गेलेला आवाज

"झालं का गं?" फोनवर आईची कुजबुज आली.

"यंत्र चालू आहे, आई. कळलं की सांगते," म्हणून भिंगबाईने फोन ठेवला. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या या डॉक्टरणीला प्रयोगशाळेत सगळे भिंगबाईच म्हणत, अगदी तोंडावर.

आईच्या गळ्यात गाठ आली तेव्हा भिंगबाई शाळेत होती. सुईने काढलेल्या पेशी भिंगाखाली धड साध्या दिसेनात, धड कर्करोगाच्याही दिसेनात. अशा वेळी तेव्हा गळा कापून मोकळे होत. आईचाही कापला. त्यात आवाजाची नस दुखावली आणि दारातून एक हाक मारून गल्ली गोळा करणारी आई जन्माची कुजबुजू लागली. कापलेली गाठ कुठे गहाळ झाली कोण जाणे. उरली ती पेशींची एक काच, कडेला पेन्सिलीने नुसतं आडनाव खरडलेली.

अशा अडलेल्या गाठींचा निकाल पेशींतल्या जनुकांवरून लावणारी चाचणी भिंगबाईने आता उभी केली होती. जुन्या काचांवर ती पारखायचं काम चाललं होतं. आईला त्यातलं एकच हवं होतं. आवाज उगाच गेला का?

"कापायला मीच हो म्हटलं," ही खंत बाबांनी मरेपर्यंत उराशी धरली. खरं तर सुईला घाबरलेल्या आईला धीर यावा म्हणून, "माझ्याही गळ्याला काहीतरी लागतंय, आधी मला टोचा," म्हणत तेच पुढे बसले होते. त्यांची गाठ साधी निघाली. पुढे पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरलं आणि त्यातच गेले. हाडांत पसरलेला कर्करोग होता, मूळ कुठे ते काही सापडलं नाही.

"मॅडम, निकाल आला," पडद्यासमोर बसलेली तंत्रज्ञ म्हणाली. "कर्करोगच. शंकाच नको."

भिंगबाईचे डोळे भरून आले. तिने तिथूनच फोन लावला.

"आई, उगाच नाही गेला. कर्करोगच होता. कापला म्हणून तू आहेस."

पलीकडे आई रडली, मग हसली. "हे ऐकायला ते हवे होते गं."

"मॅडम," तंत्रज्ञ अजून पडद्याकडेच बघत होती. "काच नक्की तुमच्या आईचीच ना? यंत्र म्हणतंय, पेशी पुरुषाच्या आहेत."