पुठ्ठ्याचा कोपरा

खुब्याच्या ऑपरेशननंतर बायकोला साधी सायकल झेपेना, म्हणून वेल्डरने घरीच रेलून चालवायची तीनचाकी जोडली. बूट घालून बसली तेव्हा तिचे दोन्ही पाय पायडलवर टेकले. बूट घसरतात म्हणून त्याने ते काढले, तर उजवा पाय अधांतरीच राहिला. त्याने दोरी लावून फ्रेम तपासली, ती सरळ होती. "मघाशी तर पुरत होता," तो पुटपुटला. बायको सीटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मापं पाहायला त्याने तीनचाकीचा नकाशा आखलेला पुठ्ठा काढला. नेमका मापांचा कोपरा कापलेला होता. तुकडा शोधायला तो खाली वाकला आणि उजव्या बुटात त्याला पुठ्ठ्याची घडी दिसली. घडीवर त्याचंच अक्षर होतं: 'दोन्ही पाय सारखे.' "ऑपरेशनपासून हा आखूड झालाय," ती म्हणाली. "तुम्हाला आणखी घोर कशाला?" त्याने कानावरची पेन्सिल घेऊन 'सारखे' खोडलं. "किती?"