तिसरा पोर्ट

व्रात्सा गावात स्तामेनामावशींच्या दुकानात निधनाची पत्रकं छापली जात. फोटो, नाव आणि चार ओळी. घरचे लोक ती दारावर, खांबांवर डकवत.

संगणक-दुरुस्तीवाल्या ओग्न्यानने दुकानाच्या लिनक्स सर्व्हरला प्रिंटर जोडायचा नवा प्रिंट सर्व्हर लावला. तळहाताएवढा डबा, त्याला तीन पोर्ट. दोन पोर्टांना प्रिंटर लागले, तिसरा मोकळाच राहिला. वीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्याचे हात आपोआप चालत.

चाचणीसाठी त्याने पत्रकात स्वतःचाच फोटो आणि नाव घातलं.

"अरे मेल्या, जिवंत माणसाचं नाव घालतात का?" मावशी खेकसल्या.

"'मेल्या' तुम्हीच म्हणालात! अहो, तिसऱ्या पोर्टाला पाठवतोय. तिथे प्रिंटरच नाही, छापणार कुठे?"

त्याने बटण दाबलं. पडद्यावर आलं : एक प्रत छापली.

"डबा थापा मारतोय," तो हसला. मोकळ्या पोर्टात बोट घालून पाहिलं आणि पुन्हा पाठवलं. पडद्यावर आलं : दुसरी प्रत छापली.

"सेटिंग चुकलंय. पाच मिनिटांत सरळ करतो."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, रालित्साचा फोन आला.

"ही कसली थट्टा? आपल्या दारावर तुझं पत्रक कोणी डकवलं?"

"कधी?"

"आत्ताच. घाबरून मी दार लावून घेतलं, कडी घातली, तर दुसरं दाराच्या आतल्या बाजूला." तिचा आवाज एकदम खाली आला. "ओग्न्यान, घरात मी एकटीच आहे ना रे? कागद अजून गरम आहे."