सहावी रांग, खुर्ची पंधरा

सहाव्या रांगेतल्या टोकाच्या, पंधरा नंबरच्या खुर्चीवर बसताना चौदा नंबरकडे मुळीच बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बसल्याबसल्या तिनं पहिल्यांदा तिकडेच बघितलं. चौदा नंबर अजून रिकामी होती.

तिकीट तिचं नव्हतं. नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात ते सापडलं होतं, आजच्या तारखेचं. सोबत हिरव्या कागदातल्या पुदिन्याच्या चार गोळ्या. नवरा जाऊन चार महिने झाले होते. कोट कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून ती त्याची शिवण घालायला बसली होती. कपडे शिवायचं, दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं आणि द्यायचा कपडाही ती उसवलेला देत नसे. तो कोट तिनंच बेतलेला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हत्यारांची पिशवी वाहून वाहून त्याचा डावा खांदा पाऊण इंच खाली आला होता, त्यामुळे तयार कपडा त्याला कधी बसलाच नाही. मागच्या वर्षी कंपनी नवा गणवेश शिवणार म्हणून त्यानं तिच्याकडून सगळी मापं लिहून घेतली होती. गणवेश काही आला नाही. कंपन्यांचं हे असंच असतं.

गाण्याशी त्याचा संबंध म्हणाल, तर लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात अंघोळ करताना तो एकदा काहीतरी गायला होता. तिनं दाराबाहेरून विचारलं होतं, "पाणी फार गार आहे का?" पुढच्या तीस वर्षांत त्यानं घरात सूर म्हणून लावला नाही.

असा माणूस ऑपेराचं तिकीट कशाला घेईल? आणि तेही एकच? दुसरं कुणाकडे तरी असणारच. दर गुरुवारी त्याची जादा पाळी असायची. त्या दिवशी तो घरी खुशीत यायचा आणि तोंडाला पुदिन्याचा वास यायचा. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या चार गोळ्यांनी तिची झोप उडवली होती. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच उरला नव्हता. निदान ती कोण, एवढं तरी तिला बघायचं होतं.

सुरू व्हायच्या जरा आधी चौदा नंबरवर एक बाई येऊन बसली. पन्नाशीची, निळ्या शालीतली, हसऱ्या तोंडाची. रांगेतल्या सगळ्यांशी तिची ओळख दिसत होती. तिनं पर्स उघडली, हिरव्या कागदातली एक गोळी तोंडात टाकली आणि दुसरी पुढे केली.

"घ्या ना. आमच्याकडे डबाच असतो."

"नको." तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"तुम्ही आलात ते फार बरं केलंत. आम्हाला वाटलं होतं, नाही येणार."

आम्हाला म्हणजे कुणाला, हे विचारायच्या आत दिवे मालवले.

पुढे जे सुरू झालं त्याचं तिला काही म्हणता काही कळेना. चाळीसेक व्हायोलिनं एकदम गरजली आणि एकदम गप्प झाली. एक माणूस स्टेज झाडत होता. सफाईवाल्याला काही वेळकाळ आहे की नाही, असं तिच्या मनात आलं, तर तोच गायला लागला. तो गुरू निघाला. शिष्यानं त्याला विचारलं, दिवा विझला की ज्योत कुठे जाते? सरळ उत्तर द्यायचं की नाही! गुरूनं तोच प्रश्न पुन्हा गाऊन दाखवला, मग ट्रम्पेटवाल्यांनी तोच विचारला, मग मागे तीन ओळींत उभ्या असलेल्या, राखाडी झग्यांतल्या पन्नासेक माणसांनी. अर्धा तास झाला तरी ज्योतीचा पत्ता नव्हता.

त्या माणसांच्या शेवटच्या ओळीत एक जागा मोकळी होती. तिथे एका दांडीवर नुसता झगा टांगला होता.

"शून्य," पुढच्या रांगेतला चष्मेवाला बायकोच्या कानात कुजबुजला. "पूर्वेकडचं तत्त्वज्ञान आहे हे. रिकामेपण हेच सत्य."

बायकोनं मान डोलावली. तिलाही काही कळलेलं दिसत नव्हतं.

शेजारची बाई त्या झग्याकडे बघत शालीनं डोळे पुसत होती. ही कशाला रडतेय? विझलेल्या दिव्यासाठी? तिला संताप आला, आणि संतापाहून जास्त गोंधळ उडाला. बाई चांगली वाटत होती, हीच मोठी पंचाईत होती.

शेवटी गुरूनं झाडू खाली ठेवला. सगळे गप्प झाले आणि ती शांतता इतकी लांबली, की संपलं की अजून आहे हे कुणालाच समजेना. कुणीतरी भीत भीत टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच सुटकेनं वाजवल्या.

दिवे लागले. ती बाईकडे वळली. "माझ्या नवऱ्याला तुम्ही ओळखत होता?"

"म्हणजे काय! दोन वर्षं. एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी."

"आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगताय?"

बाईच्या तोंडावरचं हसू गेलं. "अहो, त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?"

तेवढ्यात राखाडी झग्यातला एक जाडा गृहस्थ घाम पुसत रांगेत शिरला. "आमचे हे," बाई पुटपुटली. त्याच्या हातावर दांडीवरचा तो झगा होता. त्यानं तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"वहिनी, हा तुमच्याकडेच असू दे. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायला आमच्यातलं कुणीच तयार झालं नाही."

तिनं झगा घेतला. कुठलाही कपडा हातात आला की ती जे करायची तेच तिनं सवयीनं केलं. दोन्ही खांद्यांना धरून तो समोर उचलला.

डावा खांदा पाऊण इंच खाली होता.