रंभाबाईचं पाणी

"मास्तर, आता तुमी बसा," रंभाबाई म्हणाली.

मुकुंद उपदेशक गुडघ्यांवरून नुकताच उठला होता. हात अजून ओले होते. सोलापूरबाहेर, होटगीच्या रस्त्याला महारोग्यांचा एक आश्रम होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी तो दरसाल तिथे यायचा. आश्रमातले सगळे ओसरीवर ओळीने बसायचे. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट तो सांगायचा, आणि मग स्वतः घंगाळ घेऊन एकेकाचे पाय धुवायचा. जखमा पुसायचा, पट्ट्या बांधायचा. त्यात दिखावा नव्हता. घरच्यांनी टाकलेल्या माणसांचे पाय हातात घेताना त्याला मनापासून वाटायचं की गुरूच्या मागे चालणं म्हणजे हेच.

शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत त्याचं नाव आदराने घेतलं जाई. आश्रमातले बरेचजण त्याच्याच हातून ख्रिस्ती झाले होते. रंभाबाई झाली नव्हती. ती मैंदर्गीकडची, खात्यापित्या शेतकरी घरातली. अंगावर चट्टे उठले तेव्हा नवऱ्याने, कुंडलिकने, तिला बैलगाडीतून आणून फाटकाशी उतरवलं आणि मागे न बघता गाडी हाकली. त्यानंतर तिने कुणाकडे काही मागितलं नाही. प्रार्थनेला यायची. येशूची गोष्ट कान देऊन ऐकायची, मध्येच डोळे पुसायची. पण डोक्यावर पाणी घेऊन बाप्तिस्मा घेण्याचं विचारलं की म्हणायची, बघू. अजून घरी परत जायची आशा असेल, असं मुकुंदने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आज पाय धुऊन झाल्यावर तो नेहमीसारखा कार्बोलिकच्या जंतुनाशक साबणाकडे वळला, तेवढ्यात ती उठली होती. बोटं झडलेल्या दोन हातांमध्ये तांब्या धरून तिने आपल्या घागरीतलं तापवलेलं पाणी परातीत ओतलं आणि परात त्याच्या पायांशी सरकवली.

मुकुंद हसला. म्हणाला, याची काही गरज नाही. मग म्हणाला, तिलाच त्रास होईल. मग टांगेवाला खोळंबल्याचं सांगितलं. रंभाबाई ऐकत राहिली. बाकीचेही ऐकत होते. मास्तर येताना प्यायचं पाणी बरोबर घेऊन येतात आणि आश्रमात कधी बूट काढत नाहीत, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची बायको पद्मजा गेली, तेव्हापासून तो असाच जपून होता. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

"त्यो शिष्यबी आदी न्हाईच म्हनला," ती म्हणाली. "माजं पाय धुवायचं न्हाय म्हनला. तुमीच सांगितलंसा की आत्ता."

मुकुंद एक पाऊल मागे सरला. आणि मागे सरता सरता त्याला आपलं घर आठवलं.

बाप्तिस्मा घेतल्यानंतर तो एकदाच घरी गेला होता. आईने, यशोदाबाईंनी, त्याला अंगणात बसवलं. पत्रावळीवर वाढलं. त्याच्या आवडीचंच केलं होतं सगळं. पाणी मात्र वरून, हात उंच धरून, त्याच्या ओंजळीत ओतलं. तिचे डोळे भरून आले होते, पण हात खाली आला नाही. तिचा त्याच्यावर जीव होता, यात शंकाच नव्हती. तो पाणी प्यायला, उठला, आणि पुन्हा त्या घरी गेला नाही.

इथल्या लोकांना तोही देतच आला होता. गुडघे टेकून, पण वरून.

तो ओसरीच्या कडेला बसला. बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठ लवकर सुटेना. त्याला भीती वाटत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. त्याने ती लपवली नाही. मोजे काढले. पाय परातीत ठेवले.

"पानी लई ऊन न्हाय न्हवं?" तिने विचारलं. "माज्या हातास्नी कळत न्हाय."

"थोडं ऊन आहे," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या जोतीरामने आपल्या तांब्यातलं गार पाणी परातीत घातलं. रंभाबाईने मुकुंदचा पाय दोन्ही तळव्यांत घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू चोळला. मग दुसरा. घाई केली नाही. त्याच्या टाचेला बुटाने चावलं होतं, तिथे ती नुसतं पाणी सोडत राहिली. मुकुंदने डोळे मिटले नाहीत. पाय मागे घेतला नाही. तिने पदराने पाय कोरडे केले आणि परात बाजूला ठेवली.

अशा वेळी प्रार्थना करायची, हे मुकुंदला माहीत होतं. पण तो परातीतल्या पाण्याकडे बघत राहिला. रंभाबाई तशीच खाली बसून होती. थोड्या वेळाने तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान त्याच्यापुढे वाकवली.

"आता घाला माज्या डोक्यावर पानी," ती म्हणाली. "तुमी माजं घेत न्हवता, म्हून मीबी तुमचं घेत न्हवते."