शाळेच्या पेजवरून

टोपणनावानं ऑनलाइन आमदारांवर तोंडसुख घ्यायची शिक्षिका हेमांगीबाईंना सवय होती. त्या दुपारी मात्र शाळेचं फेसबुक पेज उघडं असल्याचं भान राहिलं नाही आणि त्यांची जहरी कमेंट शाळेच्याच नावानं झळकली. ती पुसेपर्यंत आमदारांच्या कार्यकर्त्यांनी तिचा स्क्रीनशॉट तालुकाभर फिरवला होता. ऐन आचारसंहितेत नोकरी जाणार, अशी धास्ती त्यांनी घेतली.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. “बाई, तुमचं प्रकरण निस्तरलं एकदाचं! आमदारसाहेबांना सांगितलं, आमच्या हंगामी शिपायानं, लहानूनं, हा उद्योग केला. उद्यापासून त्याला घरी बसवलंय.”

“तो काय म्हणाला?”

“काय म्हणणार? ‘पेज म्हणजे काय, सर?’ असं मलाच विचारतोय.”

बाईंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

“सर,” त्या कशाबशा म्हणाल्या, “फोन ठेवू नका.”